तिसरी अट

पैनगंगा विद्यापीठाच्या गणित विभागाकडे अभिमान बाळगण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या. एक न सुटलेलं गणित आणि एक फळा.

गणित कोल्हे सरांचं. डॉ. वामनराव कोल्हे हे विभागाचे संस्थापक. विभाग सुरू झाला तेव्हा खुर्च्या आल्या नव्हत्या म्हणून ते उभ्यानं काम करत, आणि खुर्च्या आल्यावर सवय मोडेना म्हणून उभ्यानंच करत राहिले. त्यांनी एक विधान मांडलं, ते खरं असावं असं सांगितलं आणि सिद्ध न करताच वारले. गणितात याला अटकळ म्हणतात, इतर विषयांत अफवा. पुढे एका जपानी शोधनिबंधाच्या तळटीपेत 'कोल्हे अटकळ' असा उल्लेख आला, तेव्हा विभागात पेढे वाटले गेले. तळटीपेत 'हे कठीण दिसते' एवढंच होतं. आम्हाला तेवढं पुरलं.

फळा भिंतीतच घडवलेला, काळाभोर, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याचा एक नियम होता, तोही कोल्हे सरांचाच: फळ्यावरचं ज्याला कळलं असेल त्यानंच ते पुसायचं. डस्टर हातात घेऊन उभं राहायचं. मग विभागप्रमुख प्रमेयाची एकेक अट वाचणार आणि विचारणार, "ही कुठे लागली?" सिद्धतेतल्या नेमक्या ओळीवर बोट ठेवता आलं तर पुसायचं. नाही आलं तर डस्टर टेबलावर ठेवून जागेवर बसायचं. यात अपमान नसे, पण फळा अडून राही. एका वर्षी एक अवघड प्रमेय कुणालाच पुसता येईना, म्हणून आम्ही जवळपास अख्खं सत्र सायकल स्टँडमध्ये शिकवलं.

विद्यापीठात गणित शिकणं म्हणजे मोठाले गुणाकार, असा लोकांचा समज असतो. इथं आलेल्या विद्यार्थ्याला पहिला धक्का बसतो तो आकडे नाहीसे झाल्याचा. शाळेत पैकीच्या पैकी मिळवणारा पोरगा इथं आठवडाभर एकाच ओळीकडे बघत बसतो. दुसऱ्या वर्षी त्याला त्या बघत बसण्याची गोडी लागते, आणि मग घरचे काळजीत पडतात. मी इथं चोवीस वर्षं शिकवतोय. माझ्या घरचे अजून काळजीत आहेत.

मग सिद्धी आली.

सिद्धी हे यंत्र. ते काय करतं हे समजायला सिद्धता म्हणजे काय ते समजलं पाहिजे. काही गोष्टी आपण धरून चालतो, त्यांना गृहीतकं म्हणतात. तिथून एक पायरी चढायची, मग दुसरी. प्रत्येक पायरी आधीच्या पायऱ्यांवर नियमानं टेकलेली हवी. शेवटच्या पायरीवर तुमचं विधान उभं असलं, की ते सिद्ध झालं. एखादी पायरी नियमात बसते का, हे बघायला अक्कल लागत नाही, फक्त चिकाटी लागते, आणि चिकाटी यंत्राकडे भरपूर. पुढच्या कोट्यवधी शक्य पायऱ्यांतली कुठली धरावी, हे मात्र यंत्राला जमत नव्हतं. सिद्धीला ते जमू लागलं. तुम्ही विधान द्यायचं, ती जिना बांधून द्यायची. जिना कधीही चुकीचा नसायचा. फक्त त्याला लाखो पायऱ्या असायच्या आणि कुठेही खिडकी नसायची.

कोल्हे अटकळ तिनं एका दुपारी सोडवली. आम्ही डबे खात होतो.

सिद्धी चालवणारा प्रमेय अधिकारी पारस लाहोटी धावत आला. पारस आमचाच माजी विद्यार्थी. "मॅडम, झालं! कोल्हे सरांचं खरं होतं! एकतीस लाख पायऱ्या!"

विभागप्रमुख कुसुम पत्तेवार मॅडम या कोल्हे सरांच्या शेवटच्या विद्यार्थिनी. त्यांनी हातातली भाकरी डब्यात ठेवली. "का खरं होतं?"

"का म्हणजे? सिद्ध झालं ना."

"ते ऐकलं. का, ते विचारतेय."

पारसनं माझ्याकडे बघितलं. मी लोणच्याकडे बघितलं.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी त्या जिन्याचा सारांश स्वतः फळ्यावर उतरवला. कडेची हातभर जागा सोडता फळा पूर्ण भरला. मग त्यांनी डस्टर टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "ज्याला कळेल त्यानं." तेव्हा श्रावण चालला होता. संक्रांत आली तरी फळा तसाच होता आणि आम्ही पुन्हा सायकल स्टँडमध्ये शिकवत होतो.

दरम्यान वरून परिपत्रक आलं. आता एम.एस्सी.च्या प्रबंधिकेत निदान एक नवं प्रमेय हवं आणि ते नवं आहे की नाही हे सिद्धी ठरवणार. तोंडी परीक्षेला तीन परीक्षक: विभागप्रमुख, बाहेरचे एक प्राध्यापक आणि यंत्र. यंत्राचा भत्ता किती असावा याबद्दल परिपत्रकात मौन होतं.

विद्यार्थ्यांची सोय झाली. सिद्धीला एखादं विधान द्यायचं, त्यात एक शब्द बदलून दुसरं द्यायचं, आणि प्रमेयं गोळा करायची. आमच्या फैजाननं साठ प्रमेयं दिली. तोंडी परीक्षेत मॅडमनी त्याला विचारलं, "चौदावं प्रमेय काय म्हणतं?" तो आदबीनं म्हणाला, "मॅडम, ते सिद्ध आहे." तो प्रथम श्रेणीत आला.

शाल्मली तायडे त्याच वर्गातली, रिसोडची. उंच, कमी बोलणारी, आणि प्रश्न विचारायचा असला की आधी स्वतःच ओशाळणारी. तिनं जानेवारीत मॅडमच्या टेबलावर प्रबंधिकेचा विषय ठेवला: 'कोल्हे अटकळ का खरी आहे?'

"ती सुटलीय," मी म्हणालो. "सिद्धी 'पूर्वसिद्ध' म्हणून शिक्का मारेल. पदवी मिळणार नाही."

"हो सर."

"मग?"

"मला फळा पुसायचाय."

मॅडमनी विषय वाचला. त्यांनी सही केली. सही करताना त्यांचा हात नेहमीपेक्षा जरा जास्त दाबला गेला, एवढंच मला दिसलं.

त्या दिवसापासून शाल्मली फळ्यासमोर बसू लागली. बाक ओढून घ्यायची आणि बघायची. मध्येच उठून एका ओळीजवळ जायची, परत यायची. यापेक्षा जास्त काही घडत नसे. गणितावर सिनेमे फारसे का निघत नाहीत, ते या खोलीत आलं की कळतं.

फेब्रुवारीत तिचे वडील आले. संजय तायडे, रिसोडला मंडप डेकोरेशनचा धंदा. हातात सीताफळांची पिशवी, तीही हंगाम संपल्यावर कुठून मिळवलेली देव जाणे. त्यांनी दारातून आत डोकावून बघितलं. पोरगी फळ्याकडे तोंड करून बसली होती. ते हळूच माझ्या खोलीत आले.

"सर, एक विचारू काय? राग नका मानू."

"विचारा ना."

"सारं मशीनच करून राह्यलं म्हणते. मंग आमची पोरगी काय करून राह्यली?"

प्रश्न चोख होता. परिपत्रक काढणाऱ्यांनी तो विचारला नव्हता.

"मशीननं काय केलंय ते समजून घेतेय," मी म्हणालो.

"पण मशीनचं बरोबर हाय ना?"

"शंभर टक्के."

"मंग?"

मी त्यांना खुर्ची दिली. "दसऱ्याला सोनं देता-घेता तेव्हा गळाभेटी होतात ना? समजा गावातल्या प्रत्येकानं मोजलं, आपण किती गळाभेटी घेतल्या. कुणाच्या सात, कुणाच्या दहा. आता ज्यांचा आकडा विषम आला, तेवढ्यांनाच देवळापुढे उभं करा. ती माणसं नेहमी सम संख्येत निघतात. दर वर्षी, कुठल्याही गावात."

"काय सांगता!"

"हे तपासायला यंत्र एकेका गावाच्या सगळ्या शक्यता धुंडाळेल. लाखो पायऱ्या. उत्तर बरोबरच येईल. पण का?"

तायडे विचारात पडले. मग सावकाश म्हणाले, "गळाभेट एकट्याची नसते, सर. एक झाली की दोघांच्या खात्यात लागते."

"हेच. म्हणून सगळ्यांची बेरीज सम. बेरीज सम यायची तर विषमवाले जोडीनंच असणार. संपलं."

ते खूश झाले. उठताना म्हणाले, "हे भारी हाय. पण याची डिग्री भेटते ना?"

मी सीताफळं फार छान आहेत असं सांगितलं.

त्याच आठवड्यात पारस लाहोटी येऊन गेला. सिद्धी बनवणाऱ्या कंपनीत शाल्मलीसाठी जागा होती, पुण्याला, पगार माझ्यापेक्षा बराच जास्त. अट एकच, मार्चअखेर पदवी हातात हवी.

"अगं, एक प्रमेय मागे जोड," तो तिला म्हणाला. "परिशिष्ट म्हणून. मी दोन मिनिटांत काढून देतो. पुढे तुझं कोल्हे सरांचं जे काय ते राहू दे. मॅडम पण खूश, मशीन पण खूश."

"काय प्रमेय असेल ते?"

"तुला काय करायचंय? नवं असेल."

"दादा, मला न कळलेलं माझ्या नावावर कसं लावू?"

पारस हसला, पण ते हसू पुरतं उमटलं नाही. तो फळ्याकडे वळला. "मला इथं कधीच पुसायला मिळालं नाही, माहितेय? दोन वर्षांत सहा वेळा डस्टर उचललं. सहाही वेळा मॅडमनी खाली ठेवायला लावलं." मग खांदे उडवून म्हणाला, "म्हणून तर यंत्राकडे गेलो. ते विचारत नाही, कुठे लागलं."

मीही तिला परिशिष्टाचं सुचवून बघितलं. तिनं "नको सर" म्हटलं आणि पुन्हा ओशाळली, जणू चूक तिचीच होती. सीताफळवाले तायडे माझ्या डोळ्यांपुढे आले. पण आतल्या आत मला जे वाटलं, त्याला दुसरा शब्द नाही. पोरीचा अभिमानच वाटला.

होळीच्या सुमारास तिचं बघणं संपलं. एका सकाळी ती स्टाफरूमच्या दारात उभी होती. "सर, गळाभेटच आहे."

"कुठली?"

"सगळीकडची. सिद्धी एकच युक्ती पुन्हा पुन्हा वापरतेय. प्रत्येक वेळी नावं वेगळी देते, म्हणून दिसत नाही. एकतीस लाख पायऱ्यांत तीच ती."

आता कोल्हे अटकळ काय म्हणते हे थोडक्यात सांगायला हवं. वाचकांनी पान उलटू नये म्हणून पूर्ण विधान देत नाही. गावं आणि त्यांना जोडणारे रस्ते यांचं एक जाळं घ्या. त्यानं तीन अटी पाळल्या पाहिजेत. कुठूनही कुठेही जाता यावं, ही पहिली. कुठलाही एक रस्ता बंद पडला तरी जाता यावं, ही दुसरी. गावांची संख्या सम असावी, ही तिसरी. अशा जाळ्यात एका खास प्रकारची फेरी नक्की सापडते, असं कोल्हे सर म्हणाले होते. कोल्हे सरांनी तिन्ही अटी आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिल्या होत्या, आणि आम्ही त्या श्लोकासारख्या पाठ केल्या होत्या.

तोंडी परीक्षा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ठरली. बाहेरचे परीक्षक नागपूरचे डॉ. बुटी. आल्या आल्या त्यांनी दुपारच्या बसची चौकशी केली. पारस सिद्धीचा पडदा मांडून बसला. मागच्या बाकावर तायडे बसले होते, इस्त्रीच्या सदऱ्यात. घरी काय सांगितलं होतं तिनं, कोण जाणे.

पारसनं प्रबंधिका यंत्राला दिली. पडद्यावर शब्द उमटला: पूर्वसिद्ध.

"म्हणजे नापास?" बुटींनी विचारलं.

"नियमानं, हो," पारस खाली बघत म्हणाला. मागे तायड्यांनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

"मग सुरू करायचं की..." बुटी घड्याळाकडे बघत म्हणाले.

"सुरू करायचं," पत्तेवार मॅडम म्हणाल्या.

शाल्मलीनं फळ्याच्या कडेला उरलेल्या हातभर जागेत पाच ओळी लिहिल्या. पाचच. मग बोलली. सुरुवातीला अडखळत होती, पण दुसऱ्या ओळीला ती आम्हाला विसरली आणि आवाज मोकळा झाला. प्रत्येक रस्ता दोन्ही टोकांकडून मोजायचा. मोजलेलं एकत्र करायचं. बेरीज सम येते, म्हणून एकटी वाट उरू शकत नाही, तिला जोडीदार सापडतोच, आणि तो जोडीदार म्हणजेच आपली फेरी. एकतीस लाख पायऱ्यांच्या त्या अंधाऱ्या जिन्याला तिनं पाच खिडक्या पाडल्या होत्या. मी ही अटकळ माझ्या लग्नाच्याही आधीपासून ओळखत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा चेहरा बघितला.

बोलणं झालं. शाल्मलीनं डस्टर उचललं.

मॅडम उठल्या. खरं तर आता त्यांना उभं राहायला त्रास होतो. "पहिली अट. कुठे लागली?"

शाल्मलीनं दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"दुसरी?"

चौथ्या ओळीवर.

"तिसरी?"

शाल्मलीचं बोट उठलं आणि हवेत थांबलं. पहिल्या ओळीवर गेलं, तिथून तिसऱ्या, तिथून पाचव्या. परत पहिल्या. कपाळाला खडूचा हात लागला तो तसाच राहिला. अट कुठे लागली हे सांगता येत नाही याचा अर्थ आम्हाला शिकवलेला एकच होता: तुला कळलेलं नाही.

"तिसरी?" मॅडमनी पुन्हा विचारलं. आवाज तोच, ना वर ना खाली.

तिनं डस्टर टेबलाकडे नेलं. मागे बाक सरकल्याचा आवाज आला. मग ती मध्येच थांबली आणि पाच ओळींकडे वळून बघू लागली. असं बघण्यात तिचे दोन महिने गेले होते. आता तेच कामाला आलं.

"मॅडम," ती म्हणाली, "लागली नाही."

"म्हणजे?"

"कुठेच नाही लागली. बेरीज सम येते ती रस्त्याला दोन टोकं असतात म्हणून. गावं कितीही असू देत ना. सम, विषम, काहीही. रस्त्याला टोकं दोनच." ती आता भरभर बोलत होती. "कोल्हे सरांची तिसरी अट नकोच आहे."

चाळीस वर्षं ती अट तिथं होती. कोल्हे सरांनी बहुधा सावधगिरी म्हणून घातली असेल. आम्ही आदरापोटी तिला हात लावला नाही. यंत्राला आम्ही अटीसकट प्रश्न दिला आणि त्यानं अटीसकट उत्तर दिलं. कुठली अट लागते, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पारसचे हात आधी हलले. त्यानं तिसरी अट गाळून विधान सिद्धीला दिलं. पडद्यावर आलं: पूर्वी आढळले नाही.

"सांग," तो शाल्मलीला म्हणाला. "एकेक ओळ सांग, मी सिद्धीच्या भाषेत टाकतो."

ती सांगत गेली, तो टाकत गेला. एका जागी तो थांबला, म्हणाला, "थांब, हे का?" तिनं समजावलं. तो "अच्छा" म्हणाला आणि क्षणभर टाइप करायचंच विसरला. शेवटी पडद्यावर दोन शब्द उमटले: नवीन. सिद्ध.

"अहो, मधली ओळ पुन्हा एकदा सांगता का?" डॉ. बुटी म्हणाले. त्यांची बस केव्हाच गेली होती.

मॅडमनी यंत्राकडे बघितलंच नाही. त्या शाल्मलीकडे बघत होत्या. "पूस," म्हणाल्या.

श्रावणापासूनचा खडू निघायला वेळ लागला. ओळी गेल्यावरही त्यांच्या पुसट खुणा राहिल्या, मग त्याही गेल्या. शाल्मलीचे केस पांढरे झाले. तायडे मागून उठून पुढे आले, पोरीच्या डोक्यावरची धूळ झटकू लागले आणि झटकता झटकता रडू लागले. मी खिडकी उघडायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

आठवड्याच्या आत रिसोडच्या बसस्टँडवर फ्लेक्स लागला. मंडपवाल्याच्या घरचा, त्यामुळे आकाराला मर्यादा नव्हती. 'कोल्हे अटकळीची तिसरी अट काढून टाकल्याबद्दल कु. शाल्मली संजय तायडे हिचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांचे फोटो, शाल्मलीच्या फोटोहून मोठे. लोक थांबून वाचत. अट कुठल्या योजनेची होती आणि आता अर्ज कुठे करायचा, अशी विचारणा तायड्यांकडे अजून होते. ते न कंटाळता प्रत्येकाला दसऱ्याची गळाभेट समजावतात. पत्तेवार मॅडम मुद्दाम बसनं जाऊन फ्लेक्स बघून आल्या. "विधान बरोबर छापलंय," एवढंच म्हणाल्या. त्यांच्याकडून इतकी स्तुती मी कधी ऐकलेली नाही.

शाल्मलीनं पुण्याची नोकरी घेतली नाही. ती पीएच.डी.ला आमच्याकडेच राहिली, कारण विचारलं तर फळ्याकडे बोट दाखवते. विभागाचं नाव बदलून 'सिद्धता सेवा केंद्र' करायचं परिपत्रक यथावकाश आलं. पाटी बदलली. पाटीला कुणी कळलं का विचारत नाही, त्यामुळे ती बदलणं सोपं असतं.

मॅडमच्या निवृत्तीच्या दिवशी चहा-बिस्किटं झाली, भाषणं झाली. पहिल्या वर्षासाठी पुन्हा लिहिलेल्या शाल्मलीच्या पाच ओळी फळ्यावर तशाच होत्या. पोरांनी अजून पुसल्या नव्हत्या. माणसं पांगल्यावर पारस लाहोटी मागे रेंगाळला. मग पुढे आला आणि त्यानं डस्टर उचललं. सातव्यांदा.

मॅडमनी हातातला हार टेबलावर ठेवला. "पहिली अट. कुठे लागली?"

त्यानं दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"दुसरी?"

चौथ्या ओळीवर.

"तिसरी?"

"तिसरी नाहीये, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"मग थांबलास कशाला?" त्या म्हणाल्या. "पूस."